कोथरूडचं टू-व्हीलर गॅरेज : तिसऱ्या सर्व्हिसिंगनंतरचा अनुभव

कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत दोन शटरचं गॅरेज आहे, बाहेरून बघितलं तर पुण्यातल्या बाकीच्या गॅरेजांसारखंच. दीड वर्षात तिसऱ्यांदा स्कूटर टाकली, तिन्ही वेळा काम करणारा मुलगा वेगळा होता पण काम सेम टू सेम, म्हणून आज लिहायलाच बसलो. एकदा चांगलं काम कोणीही करून देतं हो, तिसऱ्यांदा तसंच मिळणं अवघड.

आधी मी दुसरीकडे जायचो. तिथल्या जुन्या मेकॅनिकच्या हाताला खरंच गुण होता, पण तो गावाला गेला की काय होईल सांगता यायचं नाही. एकदा नवीन मुलाने ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट इतका आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटेच गेले. चार दिवसांनी पार्किंगमध्ये ऑइलचं थारोळं. नशीब घरीच दिसलं, ताम्हिणीच्या रस्त्याला असतो तर इंजिन जाम झालं असतं. त्या पोराला मी दोष देत नाही, किती आवळायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे गाडी घेतानाच जॉब कार्ड भरतात, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, आधीचे स्क्रॅच आणि आपली तक्रार आपल्याच शब्दांत. बोल्टला टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळायचा पाना लावतात, टक् आवाज आला की हात थांबतो, मग पिवळ्या मार्करने बोल्टवरून खाली बॉडीपर्यंत एक रेघ ओढतात. मी चाकणला कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, आमच्या लाइनवर हीच रेघ असते, बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. गल्लीतल्या गॅरेजमध्ये ती बघून मला खरंच भरून आलं.

ज्याने काम केलं तो ट्रायल मारत नाही, दुसरा मारतो. मागच्या वेळी मला घाई होती तरी ट्रायलवाल्याने गाडी परत आत घेतली, मागच्या ब्रेकच्या लिव्हरला प्ले (ढिलेपणा) जास्त आहे म्हणाला. दहा मिनिटं गेली पण मी एक शब्द बोललो नाही. पण इथे सगळा भरवसा ट्रायलवर नाही, आधीचं कामच ठरलेल्या पद्धतीने होतं. क्वालिटीतले अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग १९५० साली जपानमध्ये जाऊन तिथल्या इंजिनीअर आणि मॅनेजर लोकांना हेच शिकवत होते ना, की शेवटी तपासून खराब माल बाजूला काढण्याच्या भरवशावर राहू नका, मुळात प्रोसेसच नीट करा. आमच्याकडे ऑडिट जवळ आलं की फाइली भरायची धावपळ होते, इथले काका रोजचं कार्ड रोज भरतात.

आधी फोन करून नंबर लावावा लागतो, दिवसाला मोजक्याच गाड्या घेतात आणि लेबर चार्ज थोडा जास्त आहे. गुरुवारी चालू असतं, त्या दिवशी सुट्टी असलेल्या एमआयडीसीवाल्यांना बरं पडतं.

बदललेले पार्ट पिशवीत घालून परत देतात. या वेळी जुने ब्रेक शू, एअर फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा तो चपटा झालेला छोटासा वॉशरसुद्धा होता.