तळमजल्यावर वीज नसताना मोबिलिटी स्कूटर : बॅटरी वर नेता येणाऱ्या गाडीचे परीक्षण

सोलापूरच्या बाळीवेस भागातील आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेत विजेचा एकही पॉइंट नाही. आईचे गुडघे फार दुखतात. कठडा धरून, थांबत थांबत ती जिना उतरते, पण रस्त्यावर तिला फार चालवत नाही. तिच्यासाठी मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची, बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी, घ्यायचे ठरले तेव्हा वेग, आसन, रंग या गोष्टी बाजूला ठेवून आम्ही दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला तो असा, की गाडी खालीच ठेवून फक्त बॅटरी दुसऱ्या मजल्यावरच्या घरात नेऊन चार्ज करता येईल का. ज्यांच्या गाडीजवळ वीज नाही, त्या प्रत्येकाने हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आम्ही घेतलेली गाडी चार चाकांची आणि २४ व्होल्टची आहे. आसनाखाली एक पेटी बसते आणि तिच्यात १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तास क्षमतेच्या दोन सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतात. आसन उचलून पेटीची मूठ वर ओढली की पेटी सरळ हातात येते, कुठलीही वायर सोडवावी लागत नाही. महत्त्वाची सोय अशी की चार्जिंगचे छिद्र हँडलच्या खांबावर आहे, तसेच ते पेटीवरही आहे. काही गाड्यांत बॅटरी बाहेर निघते, पण चार्जरची पिन गाडीतच लावावी लागते, आणि मग ती काढण्याला काही अर्थ उरत नाही. खरेदीच्या वेळी पेटी बाहेर काढायला लावून, चार्जर जोडून, त्यावरचा दिवा लागतो का, हे समोर पाहून घ्यावे.

या पेटीचे वजन ९ किलोच्या आसपास आहे. मी ती सहज वर नेतो, पण आई एकटी असती तर हा उपाय तिच्या कामाचा नव्हता. तशा घरी लिथियम बॅटरीचाच पर्याय घ्यावा; तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वजनात मिळते. ती महाग पडते आणि तिला तिचाच चार्जर लागतो, लेड-अ‍ॅसिडचा चार्जर तिला कधीही लावू नये.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. त्यामुळे फेरी छोटी असली, तरी घरी आल्यावर ती चार्जिंगला लावलीच पाहिजे. वीज हाताशी नसेल तर नेमका इथेच आळस होतो, ‘उद्या लावू’ म्हणत दोन-तीन दिवस जातात आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. सोलापूरचा उन्हाळाही तिला मानवत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना जिन्याखालच्या कोंदट जागेपेक्षा घरातल्या हवेशीर कोपऱ्यात ती चार्ज झालेली केव्हाही बरी.

सोबत आलेला चार्जर २ अँपिअरचा आहे, त्यामुळे पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला सात-आठ तास लागतात. एका चार्जिंगला अर्धे युनिटही वीज लागत नाही. चार्जर शंभर वॅटपेक्षा कमी ओढतो, त्यामुळे वीज गेली तरी घरचा इन्व्हर्टर त्याला पुरतो.

खिडकीतून खाली वायर सोडण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. तो आम्ही मानला नाही, कारण पावसात वायर आणि चार्जरचा सांधा भिजणार, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात वायर येणार, आणि इमारतीतून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर रात्रभर बॅटरी चार्ज करणे मला सुरक्षित वाटत नाही. सौर पॅनेलचा विचार स्वतःचे अंगण असलेल्यांनी जरूर करावा. मात्र १२ व्होल्टच्या कामासाठी मिळणारे एकच पॅनेल २४ व्होल्टची पेटी सरळ भरू शकत नाही. तशी दोन पॅनेल एकापुढे एक जोडावी लागतात आणि मध्ये योग्य चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारे उपकरण, लागतो.

उणिवा आहेत. पेटीची मूठ अरुंद असल्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत ती तळहाताला रुतते. मी तिच्यावर सुती पट्टी गुंडाळली आहे. पेटीवरच्या छिद्राला झाकण नाही, आणि आपल्या गावच्या धुळीत ते असायलाच हवे होते. चार्ज दाखवणारा काटा गाडी उभी असताना भरलेला दिसतो आणि चढावर एकदम खाली येतो, म्हणून तो चालत्या गाडीतच पाहावा. सिद्धेश्वर मंदिरापर्यंत जाऊन यायला एक चार्ज आरामात पुरतो, आणि आई आता देवदर्शनाला कोणाची वाट पाहत थांबत नाही, याचे मोल मला फार वाटते.

घरात पेटी उचलणारा माणूस असेल तर ही गाडी लेड-अ‍ॅसिड बॅटरीसह घ्यावी, कारण या मापाच्या बॅटऱ्या पुढे बदलताना गाडीच्या कंपनीवरच अवलंबून राहावे लागत नाही. नसेल, तर जास्तीचे पैसे लिथियमवर खर्च करावेत.