एक दिवस, दोन दिवस की दहा: ट्रेक लीडरने प्रथमोपचाराचा कोणता कोर्स करावा?

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर, अर्ध्या चढणीत, कुणाचा घोटा मोडला असं समजा. धडधाकट माणसालाच बेलपाड्याला परत उतरायला काही तास लागतात. पेशंटला झोळीतून आणायचं तर रात्र होणार. १०८ ची गाडी येईल ती गावापर्यंत. तोवर पेशंट तुमच्या ताब्यात. कोर्स निवडताना आधी आपल्या नेहमीच्या ट्रेकसाठी हा तासांचा हिशेब मांडा, फीचं नंतर बघू.

पहिला पर्याय शहरातला साधा फर्स्ट एड कोर्स. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स, रेड क्रॉस वगैरे संस्था तो घेतात. एक-दोन दिवसांत सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं), रक्तस्राव, भाजणं, घशात घास अडकणं एवढं शिकवतात. मीही सुरुवात त्यानंच केली. सीपीआर तिथेच हातात बसला, त्यामुळे नावं ठेवणार नाही. पण या कोर्सच्या मुळाशी एक गृहीत असतं: अ‍ॅम्ब्युलन्स निघाली आहे. ‘पेशंटला हलवू नका, मदतीची वाट पाहा’ हे दादरला बरोबरच आहे. जुलैच्या पावसात, वाऱ्याच्या तोंडावर, ओल्या कातळावर तासभर न हलवता ठेवलेला माणूस मात्र गारठायला लागतो. सह्याद्रीत हायपोथर्मिया, म्हणजे गारठ्यानं शरीराचं तापमान धोकादायक खाली जाणं, होत नाही, असं समजणारे लीडर मला अजून भेटतात.

दुसरा, वाइल्डरनेस फर्स्ट एड. साधारण १६ ते २० तास, म्हणजे एक वीकएंड. इथे विषयांपेक्षा पद्धत जास्त शिकवतात. आधी जागा सुरक्षित आहे का, मग श्वास आणि रक्तस्राव, मग डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून तपासणी. नाडी आणि श्वास ठरावीक वेळानं मोजून वेळेसकट कागदावर लिहायचे. मॅट आणि काठ्यांचं स्प्लिंट, म्हणजे मोडलेला भाग हलू न देणारा आधार, बांधायचं. मणक्याला मार असेल तर तिघांनी मिळून ओंडक्यासारखं एकसंध कसं वळवायचं, आणि खालून कोरडी मॅट कशी सरकवायची. सगळ्यात अवघड भाग निर्णयाचा: हा आपल्या पायानं उतरेल, उचलून न्यावा लागेल, की अंधारात न हलता थांबलेलं बरं?

तिसरा, वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर. ७० ते ८० तास, आठ-दहा दिवस. निखळलेला खांदा जागेवर बसवणं, उंचीवरच्या आजारांत मेंदू आणि फुप्फुसांची लक्षणं ओळखणं, पेशंटला रात्रभर सांभाळणं, आणि पुन्हा पुन्हा खोटे अपघात रचून सराव. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेचं हॅनिफल सेंटर असे कोर्स घेत आलं आहे. नोकरदाराला इथे फीपेक्षा रजा महाग पडते.

आता प्रसंग घेऊन बघू. सर्पदंशात तिन्ही कोर्स जवळपास एकच सांगतात: आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, हातपाय स्थिर ठेवा आणि प्रतिसर्पविष मिळेल तिथे लवकर पोहोचवा. त्यासाठी दहा दिवस घालवायची गरज नाही. आग्या मोहोळ उठून डंखांच्या अ‍ॅलर्जीनं कुणाचा श्वास कोंडला तर मात्र अ‍ॅड्रेनलिनशिवाय खरा उपाय नाही. ते कधी आणि कसं द्यायचं हे मोठ्या कोर्समध्ये नीट शिकायला मिळतं. तरी औषध सोबत ठेवण्याआधी डॉक्टरांशी बोलून लेखी सूचना घ्या. सीपीआर कधी थांबवायचा, हेही शहरी कोर्समध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं. वाइल्डरनेस कोर्समध्ये साधारण ३० मिनिटांनंतर थांबण्याची मुभा असते. वीज पडणं, बुडणं, गारठणं अशा प्रसंगांचे नियम वेगळे. हे ऐकलं तेव्हा वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

‘माझं बीएमसी (गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स) झालंय’ हे उत्तर इथे चालत नाही. त्यात प्रथमोपचार असतो, पण मुख्य भर दोर, बर्फ आणि कातळावर.

सिंहगडासारखे गाडीरस्त्याजवळचे ट्रेक नेणाऱ्या स्वयंसेवकाला पहिला कोर्स पुरेल. दर वीकएंडला आडवाटांवर माणसं नेत असाल तर दुसरा हवाच, आणि तोही गटात दोघांचा, कारण पाय लीडरचाही मोडतो. हिमालयात गट घेऊन जाणाऱ्यानं तिसऱ्याशिवाय जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केवळ नोंदणीच्या फायलीला प्रमाणपत्र हवं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: उघड्यावर सराव किती तास? एका शिक्षकामागे किती जण? प्रमाणपत्र किती वर्षं चालतं? बहुतेकांची मुदत दोन-तीन वर्षं असते, पण स्प्लिंटच्या गाठी सहा महिन्यांतच विसरतात. आमच्या गटात म्हणून दर मेअखेरीस एकाला पेशंट करून झाडाखाली झोपवतो. गेल्या वर्षी पेशंट मी होतो, आणि पाठीखाली मॅट सरकवायला सगळेच विसरले.