दारात कुठला पाम? आधी बुंधा आणि फुलोरा बघा

कोल्हापुरात फाटकाशी पाम लावायचा म्हटलं की नर्सरीत बहुतेक तीन नावं कानावर पडतात: फिशटेल, बॉटल पाम आणि अरेका. रोपं लहान असताना सगळीच देखणी दिसतात.

खरा घोटाळा फिशटेलमध्ये आहे, कारण या नावाखाली दोन वेगळी झाडं मिळतात. दोघांचीही पानं माशाच्या शेपटीसारखी, कडा कुरतडल्यासारख्या. त्यातला एक आपला भेर्ली माड. आंबा घाटात, गगनबावड्याच्या बाजूला दिसतो तोच. त्याचं खोड एकच आणि सरळ, बुंध्याशी फुटवा नाही. उंची पुरी झाली की शेंड्याजवळ पहिला तुरा लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पुढचे तुरे मात्र एकेक करत खाली येतात. नारळाला वर नवी झावळी, तिच्या बगलेत नवी पोय, असं वर्षानुवर्षं चालतं. इथे सगळं उलटं. शेवटचा तुरा पिकला की झाड मरतं. आमच्या दारचा भेर्ली वाळायला लागला तेव्हा आईनं पाणी वाढवलं, शेणखत घातलं. त्याचं आयुष्यच संपत आलं होतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

दुसरा फिशटेल झुपक्यानं वाढतो. त्याचंही फुललेलं खोड मरतं, पण शेजारचे फुटवे जागा भरून काढतात. फाटकासाठी मी हाच घेईन. फळं दोघांचीही खाजरी, त्यामुळे अंगणात लहान मुलं असतील तर घोस कोवळे असतानाच उतरवा. परसात ऐसपैस जागा असेल तर मात्र भेर्लीच लावा. त्याच्या फळांवर धनेश आणि उदमांजरं जगतात.

बॉटल पाम म्हणून मिळतो तो बहुधा रॉयल पाम, मूळचा क्युबाकडचा. राखाडी, मधे फुगीर खोड, त्यावर हिरवी गुळगुळीत नळी आणि फुलोरा त्या नळीच्या खाली. तो दरवर्षी फुलतो, मरत नाही. पण त्याची सुटलेली झावळी जड असते. खाली गाडी लावणार असाल तर नको.

अरेका कुंपणाला आडोसा म्हणून उत्तम, बाकी फार अपेक्षा नको.

झुपक्याचा फिशटेल घेताना पिशवीतली माती बोटानं बाजूला करा. दोन-तीन सुटी रोपं एकत्र लावूनही झुपका दाखवता येतो. फुटवा बुंध्यातूनच निघालेला हवा.