गुलाब घ्यायचाय: कलमी की स्वतःच्या मुळांवरचा?

गुलाबाचं रोप निवडताना आपण फूल बघतो, फार तर पानं बघतो. खोडाच्या बुडाशी सहसा कोणी वाकून बघत नाही, आणि पुढच्या सगळ्या देखभालीचं उत्तर नेमकं तिथे असतं. बुडाशी फुगीर गाठ असेल आणि सगळ्या फांद्या त्या गाठीतून निघाल्या असतील, तर रोप कलमी आहे: दुसऱ्या काटक गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या भागावर, हव्या त्या जातीचा डोळा (फांदी फुटणारा कोंब) भरलेला, म्हणजे बसवलेला. गाठ नसेल आणि फांद्या थेट मुळांपासून वर येत असतील, तर ते बहुधा काडी लावून केलेलं. त्याची मुळं आणि फुलं एकाच जातीची.

दोन्ही चांगली. पण दोघांना सारखं वागवलं तर एकाचं तरी नुकसान होतं.

फुलं कधी मिळणार?

घाई असेल तर कलमी घ्या. डोळा भरला तेव्हा खालच्या खुंटाची मुळं तयारच होती, त्यामुळे वरची वाढ जोमाने होते आणि पहिल्याच हंगामात टपोरी फुलं मिळतात. काडीच्या रोपाला मुळांपासून सुरुवात करावी लागते. तेवढाच पसारा व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. या काळात ते किरकोळ दिसतं, फुलंही लहान येतात. अनेक जण इथेच धीर सोडतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण तिसऱ्या वर्षानंतर हेच झुडूप बुडापासून भरत जातं.

खुंटाची फूट: सगळ्यात मोठा फरक

कलमी गुलाबात खालचा खुंटही जिवंत असतो आणि संधी मिळाली की गाठीखालून स्वतःची फूट काढतो. ही फूट सरळसोट आणि जोरकस असते, त्यामुळे आनंद होतो आणि आपण ती राखतो. मीही एकदा राखली. दोन हंगामांत गडद लाल गुलाबाच्या जागी बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके आले. मूळ जात त्या फुटीखाली उपाशी राहून वाळून गेली होती. खुंट रोझा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा होता.

पानाला सात पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) असल्या की ती खुंटाची फूट, असं सांगितलं जातं. यावर विसंबू नका. कित्येक चांगल्या बागेतल्या गुलाबांनाही सात पर्णिका असतात. माती उकरून फूट कुठून निघाली ते बघणं, हीच खरी परीक्षा. गाठीच्या खालून असेल तर ती कात्रीने कापायची नाही. कापली तर उरलेल्या बुंध्यावरचे डोळे पुन्हा फुटतात. हातमोजा घालून, बुडाशी धरून, खाली ओढून ती उपटून काढायची.

स्वतःच्या मुळांवरच्या गुलाबाला ही काळजीच नाही. त्याला मातीतून फूट आली तर ती त्याच जातीची असते. ती जपायची, तिच्यामुळेच झुडूप दरवर्षी नवं होत राहतं. ज्यांना रोज बागेत डोकावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी माझ्या मते हा एकच मुद्दा निर्णय घ्यायला पुरेसा आहे.

माती कशी आहे?

इथे मात्र कलमाचं पारडं जड होऊ शकतं. गुलाबाला किंचित आम्लधर्मी, साधारण ६ ते ६.५ सामूची (pH) माती मानवते. माती चुनखडीची असेल तर अनेक नाजूक जातींची स्वतःची मुळं लोह नीट घेऊ शकत नाहीत. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा जागी रोझा कॅनिना किंवा ‘डॉ. ह्यूई’ या खुंटांवरचं कलम चांगलं तग धरतं. मल्टिफ्लोराचा खुंट मात्र तिथे स्वतःच पिवळा पडतो. रेताड, सूत्रकृमींचा (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा) त्रास असलेल्या जमिनीत रोझा फॉर्च्युनियानाचा खुंट नावाजलेला आहे. म्हणून रोप घेताना ‘कलमी आहे का?’ एवढंच विचारू नका, ‘कोणत्या खुंटावर?’ हेही विचारा.

जात कोणती?

मिनिएचर, बरेचसे वेली गुलाब, जुने चायना गुलाब स्वतःच्या मुळांवर आनंदाने वाढतात. ते कलमी शोधण्यात अर्थ नाही. लांब दांड्याच्या हायब्रिड टी जातींचं तसं नाही. त्यातल्या कितीतरी, विशेषतः पिवळ्या, स्वतःच्या मुळांवर कायम अशक्त राहतात. एका दांड्यावर एकच मोठं फूल हवं असेल, तर कलमीच घ्या.

लावणी, छाटणी, खत

लावणी करताना उबदार हवामानात कलमाची गाठ मातीच्या दोन-तीन बोटं वर ठेवावी. कडाक्याच्या थंडीत जमीन गोठत असेल तर उलट, ती पाचेक सेंटिमीटर खाली पुरतात. तिथे वरचा भाग गोठून मेला तर कलमातून फक्त खुंट उरण्याची भीती असते. काडीचं रोप पुन्हा मुळांतून आपलं आपण उभं राहतं.

हायब्रिड टीच्या कलमावर कडक छाटणी चालते: चार-पाच जाड फांद्या ठेवून बाकी काढायच्या, काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका. गाठीखाली मात्र कधीच कापू नका. काडीच्या रोपाला पहिली दोन वर्षं फक्त वाळलेलं आणि काटकुळं तेवढंच काढा, कारण प्रत्येक पान त्याची मुळं वाढवतंय. खतही त्याला पहिल्या वर्षी निम्म्या मात्रेत द्या, कोवळी मुळं तीव्र खताने करपतात. ऊन दोघांनाही किमान सहा तास लागतं.

अजूनही ठरत नसेल तर

निरोगी कलमी रोप घ्या आणि छाटणीतल्या काड्या लावून बघा. आधी दोन गोष्टी तपासा. पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा असतील तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. तो कलमातून आणि काडीतून पुढे जातो, त्या झाडाची काडी नकोच. दुसरं, नव्या जातींवर अनेक देशांत पैदासकाराचा, म्हणजे ती जात तयार करणाऱ्याचा, हक्क असतो. अमेरिकेत वनस्पतीचं पहिलं पेटंट १९३१ मध्ये ‘न्यू डॉन’ या वेली गुलाबालाच मिळालं होतं. तेव्हा हक्काची मुदत संपलेली जुनी जात निवडा.

पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या, ज्या फांदीचं फूल नुकतंच गळलंय तिची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वर दोनच पानं. अर्धी रेती, अर्धं कोकोपीट, सावली आणि वरून पारदर्शक पिशवी. दीड-दोन महिन्यांत हलकं ओढून बघा. काडी मातीला धरून असेल तर मुळं आली. पहिल्या कळ्या येतील तेव्हा त्या खुडून टाका.