बाहेरच्या भिंतींचा रंग: जळगावात एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाल्यावर

घर जळगावचं, दोन मजली, तोंड पश्चिमेला. 9 इंची विटेची भिंत, बाहेरून रवाळ प्लास्टर, त्यावर जुना सिमेंट पेंट होता. जानेवारीत तो खरवडून एक हात प्रायमर आणि दोन हात एक्स्टिरिअर अ‍ॅक्रिलिक इमल्शन मारलं. आता ऑक्टोबर आहे. रंग असे: बाकी सगळं घर फिकट बदामी, पश्चिमेच्या खिडक्यांमधला पट्टा विटकरी, तिथलेच दोन खांब मरून, दक्षिणेची भिंत गडद मातकट, उत्तरेची मोतिया आणि जोतं राखाडी-तपकिरी. नऊ महिन्यांत यातलं काय टिकलं, काय फसलं आणि का, ते लिहितो.

आधी हवेबद्दल. 'उष्ण आणि दमट हवेसाठी रंग' म्हणून जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा मुंबई-कोकण डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आपल्याकडे खानदेशात उष्ण आणि दमट एकत्र नांदत नाहीत, पाठोपाठ येतात. मार्च ते मे नुसती कोरडी भाजणी, मेमध्ये पारा 44-45 वर. जूनच्या तोंडाशी वावटळी आणि काळ्या मातीची धूळ. मग जुलै ते सप्टेंबर ओल. भुसावळ-जळगावच्या घराला पहिला मार जास्त बसतो, नवापूर-धडगावकडच्या घराला शेवटचा. म्हणून कोकणात चाललेला रंग इथे तसाच चालेल असं धरू नये, आणि एकाच घराच्या चार भिंतींनाही एकच हिशेब लावू नये.

पश्चिमेची भिंत सगळ्यांत वाईट. मे महिन्यात दुपारी एकपासून सातपर्यंत ऊन तिच्या अंगावर असतं, तेही हवा सर्वांत तापलेली असताना. फिकट बदामी रंग उन्हातली साधारण एक तृतीयांश उष्णता शोषतो, विटकरी दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे त्याच भिंतीवर विटकरी पट्टा दुप्पट उष्णता आत घेतो. संध्याकाळी पाचला बदामीवर हात टेकवता येतो, पट्ट्यावर चटका बसतो. यातली खरी गोम वेळेची आहे. 9 इंची वीट ही उष्णता आतल्या बाजूला पोचवायला सहा ते आठ तास घेते. दुपारी तीन-चारला शोषलेलं ऊन रात्री दहा-अकराला पलंगाशेजारच्या भिंतीतून बाहेर पडतं. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पश्चिमेला झोपायची खोली असेल तर त्या भिंतीवर गडद पट्टा, गडद चौकोन, गडद काहीच नको. समोरून उठाव हवाच असेल तर तो गेटच्या खांबांना किंवा कठड्याला द्या, मागे खोली नसलेल्या जागी.

किती फिकट, याचं मोजमाप एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू). भिंतीवर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी किती टक्के परत फिरतो तो हा आकडा. काळ्याचा शून्याच्या जवळ, पांढऱ्याचा 80-90. बऱ्याच कंपन्या शेडकार्डच्या मागे किंवा वेबसाइटवर छापतात, दुकानदाराला विचारलं तर तोही काढून देतो. पश्चिमेला 60 च्या खाली उतरू नये. पण एलआरव्ही फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो, आणि उन्हातली जवळपास निम्मी उष्णता न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. त्यामुळे सारख्या एलआरव्हीचे दोन रंग सारखेच तापतील असं नाही. 'उष्णता परतवणारा' म्हणून विकला जाणारा रंग याच न दिसणाऱ्या भागावर काम करतो. त्याचा उपयोग मध्यम आणि गडद छटांत जास्त. जी छटा आधीच फिकट आहे तिच्यासाठी त्याचे जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. तेच पैसे गच्चीवरच्या पांढऱ्या लेपाला लावा. मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, घरात सर्वाधिक उष्णता वरूनच येते.

मग पांढराशुभ्रच का नको? तापण्याच्या दृष्टीने तोच उत्तम. पण एप्रिलच्या दुपारी समोरच्या घराच्या डोळ्यांत जातो, आणि जूनमधल्या पहिल्या दोन धुळकट सरींनी खिडक्यांच्या कोपऱ्यांखाली मिशा काढतो. बदामी, बिस्किट, चंदनी, फिका वाळूरंग या 60 ते 75 मधल्या छटा धुळीच्या रंगाशी मिळून जातात. नऊ महिन्यांनंतर बदामी भिंत मळलीय हे जवळ जाऊन बोट फिरवल्यावरच कळतं.

दक्षिणेच्या भिंतीचा निकाल उलटा लागला. ती तापते असा समज आहे. जळगाव 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्याच्या आधीचे काही आठवडेही इतका उंच असतो की दीड फुटाचा छज्जा दक्षिणेच्या बऱ्याचशा भिंतीवर सावली धरतो. म्हणजे उन्हाळ्यात गडद मातकट रंगाने इथे फार नुकसान केलं नाही. डिसेंबरमध्ये मात्र दुपारचा सूर्य जेमतेम 45 अंशांवर असतो, तेव्हा ही भिंत चांगली तापते, पण तेव्हा ते चालतं. गडद रंगाची हौस भागवायची असेल तर ती इथे. पूर्वेची भिंत सकाळी तापते, दुपारपर्यंत निवते. तिथे मध्यम छटाही खपते, फार विचार करायला नको.

उत्तरेला प्रश्न उन्हाचा नाही, ओलीचा आहे. जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन मिळतं, पण ऑगस्टमध्ये ढग आले की ही भिंत आठवडाभर वाळत नाही. मोतिया रंगावर गच्चीच्या कठड्याखाली हिरवट-काळे ओघळ उतरले. रंगात शेवाळरोधक असतं, पण तेच ते पाणी एकाच वाटेने उतरत राहिलं तर ते धुऊन जातं. ओघळ जिथे आले तिथे कठड्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता होता. उतार गच्चीच्या दिशेने हवा. छज्जाच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच असली की पाणी भिंतीला न चिकटता खाली सुटतं. जिथे खाच आहे तिथे एकही ओघळ नाही. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम, रंगाच्या आधी करून घ्यावं. आलेलं शेवाळ नुसतं घासू नये, पसरतं. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, वरचं निवळ पाणी लावून, पंधरा मिनिटांनी नरम ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे घालावेत. त्यात अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं द्रव कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. उत्तरेला टेक्स्चर पेंट तर मुळीच नको. त्याच्या प्रत्येक खळग्यात धूळ बसते आणि त्या धुळीवर शेवाळ.

मरून खांब हे सपशेल अपयश. मे संपेपर्यंत त्यांचा तकतकीतपणा गेला आणि एक गुलाबीसर पांढुरकेपणा आला. काळा रुमाल फिरवला तर भुकटी लागते. विटकरी पट्टा त्याच उन्हात होता, तो जवळजवळ जसाच्या तसा आहे. फरक रंगद्रव्याचा. विटकरी, गेरू, पिवळी माती, मातकट हे लोहाच्या ऑक्साइडचे रंग. मातीतलेच ते, उन्हाने त्यांचं काही बिघडत नाही. मरून, झगझगीत लाल, लिंबू, जांभळा यांत बहुधा सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांची, रंगद्रव्यं असतात, ती अतिनील किरणांनी तुटतात. शिवाय गडद छटेसाठी दुकानातलं छटा कालवायचं मशीन जो बेस, म्हणजे मूळ रंग, वापरतं त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड नसल्यात जमा असतं, त्यामुळे सगळी भिस्त त्या रंगद्रव्यावरच. दुकानात 'ही छटा ऑक्साइडमध्ये बसते का' एवढंच विचारायचं. मशीनवरच्या फॉर्म्युल्यात लाल ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड, काळा हीच नावं आली तर निर्धास्त घ्या. गावाकडच्या घरांना गेरूचे पट्टे उगीच टिकत नव्हते.

आता एक गोष्ट शेडकार्डवर कुणी सांगत नाही: कूलर. आपल्याकडे खिडकीबाहेर कूलर टांगलेला असतोच, आणि बोअरचं पाणी जड. टाकीतून किंवा गवताच्या जाळीतून झिरपलेलं पाणी भिंतीवरून उतरतं, वाळतं आणि क्षाराचे पांढरे ओघळ मागे ठेवतं. विटकरी पट्ट्यावर ते दहा फुटांवरून दिसतात, बदामीवर दिसतच नाहीत. कूलरखाली पत्र्याची पन्हाळ आणि अर्ध्या इंचाचा पाइप लावला की प्रश्न मिटतो. आलेले डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने हलक्या हाताने निघतात, लगेच धुऊन टाकायचे.

जोत्याचा राखाडी-तपकिरी रंग पैसे वसूल. पावसाचं पाणी जमिनीवर आपटून काळा चिखल दीड-दोन फूट वर उडवतं. तेवढ्या उंचीपर्यंत त्या चिखलाच्याच जातीचा रंग द्यावा. इथे गेरू छान दिसतो, पण त्यावर वाळलेल्या काळ्या मातीचे शिंतोडे उठून दिसतात.

काळ्या मातीचा दुसरा त्रास भेगांचा. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते, आणि पाया खोल नसेल तर जोत्याजवळ, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. मेमध्ये उघडतात, ऑगस्टमध्ये मिटतात. त्यात सिमेंट किंवा पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग. अशी भेग पटाशीने व्ही आकारात उकरून, धूळ झटकून, त्यात रंग बसेल असा लवचिक अ‍ॅक्रिलिक सीलंट भरावा. केसासारख्या बारीक भेगांवर ताणला जाणारा इलास्टोमेरिक रंग सुचवतात. पश्चिमेच्या एका भागावर तो मारला होता. भेगा खरंच झाकल्या. पण तो थर मुळात मऊ, मेच्या उन्हात आणखी मऊ होतो आणि जूनची धूळ धरून ठेवतो. तेवढा तुकडा आज शेजारच्यापेक्षा एक छटा काळपट आहे. भेगाळ भिंतीला वापरा, धड भिंतीला नको.

काम कसं झालं ते थोडक्यात. खरवडणं आणि धुणं एक दिवस, मग किमान दोन दिवस कडक ऊन खाऊ द्यायचं. लोणा (क्षाराची पांढरी भुकटी) लागलेली जागा कोरड्या ब्रशने झाडायची. तिथे पाणी मारलं तर क्षार विरघळून परत आत जातो. नवीन प्लास्टर असेल तर 28 दिवस थांबावंच, ताज्या सिमेंटचा अल्क रंग खातो. हिशेब असा: खिडक्या-दारं वजा जाता 1,800 चौरस फूट भिंत. रवाळ प्लास्टरवर दोन हातांना लिटरमागे 45 चौरस फूट धरले, म्हणून सगळ्या छटा मिळून 40 लिटर. प्रायमर 20 लिटर पुरलं. डब्यावर लिहिलेला आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, त्यात पाचवा हिस्सा कमी धरावा. एकाच छटेच्या बादल्यांचे बॅच नंबर सारखे घ्यावेत, आणि एक भिंत एका बादलीत संपणार नसेल तर त्या एकत्र कालवून घ्याव्यात.

पाणी किती घालायचं ते डब्यावर असतं, मोजून घाला. उन्हात ब्रश ओढायला लागला की कारागीर आणखी पाणी ओततो, थर पातळ होतो, आणि दोन वर्षांनी दोष रंगाला येतो. त्यापेक्षा सावलीच्या मागे चालावं: सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व. दोन हातांमध्ये चार-सहा तास. थंडीत चारनंतर ब्रश ठेवून द्यावा. ओल्या रंगावर दव पडलं की साबणासारखे चकचकीत चिकट ओघळ येतात. आमच्याकडे उत्तरेला आले होते, साध्या पाण्याने दोनदा धुतल्यावर गेले. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर घाई करू नका, भिंतीतली पावसाची ओल तोवर निघालेली नसते. प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चिकटपट्टीने भिंतीवर लावून दुसऱ्या दिवशी पाहा. आतून घाम आला असेल तर थांबा. उत्तम काळ डिसेंबर ते फेब्रुवारी.

छटा निवडताना कार्डावरचा तुकडा फसवतो. तीच छटा पूर्ण भिंतीवर, आपल्या उन्हात, एक-दोन पायऱ्या फिकी आणि तरीही जास्त भडक दिसते. एक लिटरचा नमुना आणून पश्चिमेला आणि उत्तरेला प्रायमरवर तीन बाय तीन फुटांचा तुकडा दोन हात मारावा आणि सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला पाहावा. उत्तरेच्या सावलीत बदामी छटा किंचित हिरवट दिसू शकते, हे रंगवून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मरून खांब या डिसेंबरात विटकरी होतील, पट्टा बदामी. बादलीच्या झाकणावरच्या छटा-क्रमांकाच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला आहे, पण एक उन्हाळा खाल्लेल्या भिंतीवर त्याच क्रमांकाचा ताजा रंगही ठिगळ दिसतो. त्यामुळे दुरुस्ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पूर्ण पश्चिम भिंतीची, साधारण दहा लिटरची.