सात महिने वापरलेला चार मोडचा रेडिओ: बॅटरी नेमकं कोण खातं?

दिवाळीत ऑनलाइन मागवलेला हा छोटा रेडिओ. आत एसआय ४७३२ ही रेडिओ चिप, तिला चालवायला आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, वर ओएलईडी स्क्रीन. एफएम, मिडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह, एसएसबी (हौशी रेडिओवाले बोलतात तो प्रकार), सगळं एकात. माहितीपत्रक मात्र नाहीच.

दोन हजार एमएएचच्या एका सेलवर जेमतेम पंचवीस तास मिळायचे. वैतागून मल्टीमीटर सिरीजमध्ये लावला. एफएमवर ८० मिलीअँपिअर! त्यातले चिपचे फार तर वीस. बाकी सगळं स्क्रीन, नॅनो, त्यावरचा उगाच जळणारा एलईडी आणि स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर, जो आवाज शून्यावर असला तरी खातच असतो. एलईडी काढून टाकला, प्रोग्रॅममध्ये स्क्रीन दहा सेकंदांनी विझेल असं केलं, हेडफोन लावला की अ‍ॅम्प बंद. हेडफोनवर आकडा ४५ वर आला.

मग हाव सुटली. बँड शांत असला की चिपच झोपवायची, मधूनमधून उठवून बघायची, असा बेत. एफएमवर जमलं. एसएसबीवर पार फसलो. एसएसबी या चिपमध्ये मुळात नाहीच. त्याचा पॅच, म्हणजे जादा प्रोग्रॅम, दर वेळी नॅनोकडून तिच्यात भरावा लागतो आणि चिप झोपली की ती तो विसरते. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) गप्पा मारतात, तिथे पॅच भरून होईपर्यंत समोरच्याचा कॉलसाइन (त्याचं ओळखनाव) निघून गेलेला. आता एसएसबीत चिप जागी ठेवतो, डुलकी फक्त नॅनोला. एफएमवरून एएमवर (मिडियम आणि शॉर्ट वेव्ह) जातानाही चिप बंद करून नव्या मोडमध्ये उठवावी लागते, पण तिथे एक 'टक' ऐकू येतो, बस.

मिडियम वेव्ह ही याची दुखरी बाजू. आत फेराइट रॉड, म्हणजे मिडियम वेव्हचा अँटेना, नाही, म्हणून गॅलरीत वायर ताणली. आईला सकाळी आकाशवाणी नागपूर लागतं, ५८५ किलोहर्ट्झ. चार्जर लावलेला असला की नुसती खरखर, म्हणून चार्जिंग रात्रीच. हिवाळा छान गेला. मे लागला, कूलर सुरू झाला आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची घरघर थेट बातम्यांवर. "अरे, तो कूलर बंद कर न!" पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद? काय बाप्पा! रेग्युलेटर फुल्ल केला की घरघर बरीच जाते. पण मग कूलरच इतका गर्जतो की आई रेडिओ कानाला लावून बसते.