फझ पेडलसाठी ट्रान्झिस्टर: जर्मेनियम, सिलिकॉन की दोन्हींची जोडी?

गिटारसाठी घरच्या घरी डिस्टॉर्शन पेडल करायचं ठरलं की शोध बहुतेक वेळा फझ फेस या पेडलच्या सर्किटपाशी येऊन थांबतो (फझ म्हणजे मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज). लंडनच्या आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीने १९६६ साली काढलेलं हे गोल डब्यातलं पेडल जिमी हेन्ड्रिक्सने वापरलं आणि त्याचं सोनं झालं. आत पाहिलं तर दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (नॉबने फिरणारे रेझिस्टर), बस्स. एवढ्या कमी सामानात चुकीचा ट्रान्झिस्टर लपवायला जागाच उरत नाही. सुरुवातीच्या पेडलमध्ये एनकेटी २७५ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, पुढे बीसी १८३ आणि बीसी १०८ असे सिलिकॉनचे आले, आणि तेव्हापासून कुठला चांगला यावर भांडणं चालूच आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं पेडल असेल तर कमी गेनचा (गेन म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) सिलिकॉन घ्या. जर्मेनियमच हवा असेल तर आधी मोजायला शिका, मगच पैसे घाला. आणि उन्हाळ्यात एसी नसलेल्या हॉलमध्ये वाजवायचं असेल तर दोन्हींची जोडी करा. या तिसऱ्या पर्यायाकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. ट्रान्झिस्टरवर छापलेल्या नावाला मी फारशी किंमत देत नाही. गळती किती आणि गेन किती, हे दोन आकडे कळले की नव्वद टक्के निवड झाली.

आवाजात फरक काय पडतो

जर्मेनियमचा फझ गोलसर आणि थोडा लोकरी वाटतो. त्याची खरी गंमत गिटारच्या व्हॉल्यूम नॉबमध्ये आहे. फझ पूर्ण उघडा ठेवून गिटारचा नॉब दहावरून सातवर आणला की आवाज जवळजवळ स्वच्छ होतो, वर एक छान चकाकी राहते. सिलिकॉन जास्त तिखट आणि धारदार. बँडमध्ये ड्रम आणि बेसच्या गर्दीतून तो सहज वर येतो. नॉब कमी केल्यावर तोही निवळतो, पण तितका नाही. शिवाय जास्त गेनचा सिलिकॉन घातला तर रेडिओ स्टेशन ऐकू येण्याची शक्यता असते. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये (ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर) ४७ ते १०० पिकोफॅरॅडचा छोटा कपॅसिटर टाकला की ते बहुधा थांबतं आणि तिखटपणाही थोडा बोथट होतो.

आता एक कटू सत्य. नीट बायस केलेला, म्हणजे सूर नसतानाही योग्य व्होल्टेजवर बसवलेला सिलिकॉन हा वाईट बायस केलेल्या जर्मेनियमपेक्षा केव्हाही गोड वाजतो. 'जर्मेनियमची जादू' म्हणून विकत घेतलेली कितीतरी पेडलं फसफसतात, कारण आतला ट्रान्झिस्टर गळका असतो.

गळती म्हणजे नेमकं काय, आणि ती आपल्याकडे का नडते

बेसला काहीही न जोडता कलेक्टरमधून जो करंट वाहतो ती गळती. सिलिकॉनमध्ये ती इतकी नगण्य असते की विसरून जा. जर्मेनियममध्ये मात्र ती शंभर-दोनशे मायक्रोअँप सहज निघते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होते. लंडनच्या थंडीत हे चालून गेलं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पुण्यातसुद्धा पारा चाळिशीला टेकतो, विदर्भाचं तर बोलायलाच नको.

आकडेच मांडून पाहू. फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ केचा (के म्हणजे किलोओहम) रेझिस्टर आहे. नऊ व्होल्टवर त्यातून सुमारे २६० मायक्रोअँप वाहतात. समजा तुमच्या ट्रान्झिस्टरची गळती २५ अंशांना १६० मायक्रोअँप आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक करंट गळतीतच गेला. तरी प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) फिरवून बायस जुळतो आणि पेडल वाजतं. तेच पेडल ४० अंशांत नेलं की गळती साडेचारशेच्या घरात पोचते. रेझिस्टरमधून येणाऱ्या करंटपेक्षा गळतीच जास्त! पहिला ट्रान्झिस्टर सगळा करंट स्वतःच ओढून घेतो, दुसऱ्याचा बेस उपाशी राहतो, तो बंद पडतो आणि त्याच्या कलेक्टरवर जवळपास पूर्ण बॅटरी दिसू लागते. सूर सुरू होतो, तडतडतो आणि मध्येच तुटतो.

याच हिशेबात गळती २५ अंशांना ६० मायक्रोअँप धरली तर ४० अंशांना ती १७० होते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर साडेचार व्होल्टवरून सहाच्या आसपास सरकतो. आवाज बदलतो, पण पेडल मरत नाही. म्हणून इंग्रजी लेखांत दोनशे मायक्रोअँपपर्यंतची गळती चालते असं वाचलं तरी मी आपल्या हवेत शंभराची मर्यादा धरतो, आणि पहिल्या जागेसाठी त्याहूनही कमी.

जर्मेनियम विकत घेताना

भारतात ही जात कधीकाळी मुबलक होती. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, एसी १२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवत असे आणि जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंत ते लागलेले असायचे. आज मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत चौकशी केली तर एखाद्या जुन्या दुकानदाराच्या डब्यात ते निघूही शकतात. भंगारातला बंद पडलेला रेडिओ हा त्याहून स्वस्त मार्ग. ऑनलाइन मिळणाऱ्या महागड्या 'मॅच्ड पेअर'वर (मोजून जुळवलेल्या जोडीवर) डोळे झाकून विश्वास नको, कारण नाव खोडून नवं छापलेला माल या धंद्यात भरपूर फिरतो.

खरा की खोटा हे मल्टिमीटरच्या डायोड टेस्टवर लगेच कळतं. बेस-एमिटरमध्ये ०.१५ ते ०.३ व्होल्ट दाखवले तर जर्मेनियम, ०.६ च्या वर दाखवले तर सिलिकॉन, मग अंगावर काहीही लिहिलेलं असो.

गेन मोजायला मल्टिमीटरचं एचएफई (म्हणजे गेन) मोजण्याचं भोक वापरू नका. ते गळतीलाही गेन समजतं आणि गळका ट्रान्झिस्टर दमदार असल्याचं सर्टिफिकेट देतं. त्याऐवजी ब्रेडबोर्डवर (सोल्डरशिवाय भाग खोचायच्या पाटीवर) असं करा: पीएनपी ट्रान्झिस्टरचा (पीएनपी आणि एनपीएन या उलट पोलॅरिटीच्या दोन जाती) एमिटर नऊ व्होल्टच्या प्लसला, कलेक्टरपासून मायनसकडे २.२ के आणि २७० ओहम सिरीजमध्ये, आणि त्या दोघांवर मिळून मल्टिमीटर. बेस मोकळा ठेवून आकडा घ्या. समजा ०.१५ व्होल्ट आला. २४७० ने भागला की गळती ६० मायक्रोअँप. आता बेसपासून मायनसकडे २.२ मेगओहम जोडा. आकडा ०.९७ झाला तर फरक ०.८२, त्याला शंभराने गुणलं की खरा गेन ८२. हा ट्रान्झिस्टर ठेवायचा.

मोजताना ट्रान्झिस्टरच्या डब्याला बोट लावू नका. चिमटीत धरला की आकडा डोळ्यांसमोर चढत जातो, आणि सोडल्यावर उतरायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. हाताने खोचला असेल तर जरा थांबून मगच वाचा. पेडलमध्येही सॉकेट वापरा. सोल्डरिंगच्या उष्णतेपासून वाचतो आणि अदलाबदलही करता येते.

जोडीत पहिला ७० ते ९० गेनचा आणि दुसरा ११० ते १३० चा, हा जुना ठोकताळा अजून खरा आहे. दहा-बारा नग मोजले की एक बरी जोडी निघते, असा हिशेब धरून खरेदी करा. खर्च तिथेच वाढतो.

सिलिकॉन विकत घेताना

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. बीसी ५४७ दोन-चार रुपयांत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. फक्त शेवटचं अक्षर बघा: ए म्हणजे गेन ११० ते २२०, बी म्हणजे २०० ते ४५०, सी म्हणजे ४२० ते ८००. फझ फेससाठी ए किंवा बी घ्या. सी घातला की आवाज कर्कश होतो आणि खरखर वाढते. २एन३९०४ सुद्धा उत्तम, पण त्याचे पाय बीसी ५४७ च्या उलट क्रमाने असतात. सपाट बाजू आपल्याकडे करून बीसी ५४७ डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, तर २एन३९०४ एमिटर-बेस-कलेक्टर.

जोडीचा पर्याय

वरचा हिशेब नीट पाहिला तर घोळ घालणारी गळती पहिल्या ट्रान्झिस्टरची आहे. दुसऱ्याचा करंट फीडबॅकच्या १०० केमुळे बराचसा आवरलेला असतो. मग पहिल्या जागी सिलिकॉन आणि दुसऱ्या जागी जर्मेनियम घातला तर? बायस उन्हाळ्यात फारसा हलत नाही आणि विकृती जिथे जास्त होते त्या दुसऱ्या स्टेजला जर्मेनियमचा मऊपणा मिळतो. गळतीमुळे पहिल्या जागेला नापास झालेला नगही इथे खपतो. आवाज शुद्ध जर्मेनियमचा नाही, पण मला तो निव्वळ सिलिकॉनपेक्षा जास्त आवडतो.

अट एकच, दोघांची पोलॅरिटी सारखी हवी. बीसी ५५७ सोबत एसी १२८ (दोन्ही पीएनपी), किंवा बीसी ५४७ सोबत एसी १८७ अथवा एसी १२७ (दोन्ही एनपीएन). जमलं तर एनपीएनच घ्या. पीएनपीच्या पेडलला प्लस ग्राउंड लागतं आणि इतर पेडलांसोबत एकाच अडॅप्टरवर साखळीने जोडलं की सरळ शॉर्ट होतं. त्याला स्वतंत्र बॅटरी किंवा आयसोलेटेड आउटपुट द्यावंच लागतं.

बायस

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला मूळ सर्किटमध्ये ८.२ के आहे. तो काढून प्रीसेट टाका. सिलिकॉनला आणि जोडीला १० केचा पुरतो, कारण साडेचार व्होल्ट सहसा सहा-सात केच्या आसपास येतात. ८.२ के तसाच ठेवला तर सिलिकॉनला तीन-साडेतीन व्होल्टच मिळतात, आणि 'सिलिकॉन फझ दबका वाजतो' या तक्रारीचं मूळ अनेकदा तिथेच असतं. जर्मेनियमला २२ केचा प्रीसेट ठेवा. गळका नग कधी चौदा केसुद्धा मागतो.

मल्टिमीटरची काळी प्रोब ग्राउंडला, लाल दुसऱ्याच्या कलेक्टरला (पीएनपीत आकडा मायनसमध्ये दिसेल, घाबरू नका). साडेचारवर आणा, मग मीटर बाजूला ठेवून कानाने लावा. जाडी तार मोकळी छेडून विरेपर्यंत ऐका. शेपटीला थुंकल्यासारखा आवाज आला तर व्होल्टेज जास्त आहे, प्रीसेटची किंमत थोडी वाढवून ते खाली आणा. काहींना मुद्दाम तो तुटका आवाज हवा असतो, त्यांनी उलट दिशेने जावं. फझचा नॉब कुठेही असला तरी या व्होल्टेजवर परिणाम होत नाही, कारण १ केचा तो पॉट एमिटरला पूर्णच जोडलेला असतो. नॉब फक्त कपॅसिटर किती जोडला जातो ते ठरवतो.

जर्मेनियमचा बायस लावायचा तो ज्या खोलीत वाजवणार तिथेच, आणि प्रीसेटला बाहेरून पोचता येईल असं भोक डब्याला पाडून ठेवा. तिन्ही प्रकारांत पेडल गिटारच्या लगेच पुढे हवं. मध्ये बफर (गिटारला पुढच्या पेडलपासून वेगळं करणारं सर्किट) असलेला ट्यूनर आला की गिटारच्या नॉबने आवाज निवळत नाही, आणि दोष मात्र ट्रान्झिस्टरवर येतो.